लहान रकमेच्या दाव्यातील प्रतिवादी : भीमथडी व इंदापूर तालुके आणि १८७९ चा कायदा

१. प्रश्नाचे स्वरूप

इ. स. १८७५ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणे जिल्ह्यातील सुपे या गावी, भर बाजाराच्या दिवशी, भोवतालच्या खेड्यांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. सुपे आज बारामती तालुक्यात आहे. त्या काळी ते भीमथडी तालुक्यात मोडत असे. आजचे बारामती आणि दौंड हे दोन्ही तालुके त्या विस्तीर्ण तालुक्याच्या पोटात सामावलेले होते. सुप्याहून हे लोण भीमथडीच्या इतर गावांत, इंदापूर, हवेली व शिरूर या तालुक्यांत आणि पुढे नगर जिल्ह्यातील पारनेर, श्रीगोंदे, कर्जत या भागांत पसरले. एकूण ९५१ जणांना अटक झाली. इतिहासग्रंथांत या घटनेस 'दख्खनचे दंगे' असे नाव पडले आहे.

या दंग्यांविषयी आजवर पुष्कळ लेखन झाले आहे. सरकारी साऱ्याची वाढ, कापसाच्या भावातील चढउतार, मारवाडी व गुजर सावकारांविषयीचा परकेपणा, यांपैकी कोणते कारण प्रधान मानावे यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. रवींदर कुमार यांनी आपल्या १९६८ च्या ग्रंथात ग्रामसमाजातील सत्तेच्या बदलत्या तोलावर भर दिला, तर नील चार्ल्सवर्थ यांनी १९७२ साली दंग्यांची व्याप्ती व महत्त्व फुगवून सांगितले गेले असा आक्षेप घेतला. या वादात एक साधी गोष्ट काहीशी मागे पडते. दंगेखोरांना हवे होते ते कागद. कर्जखते, हिशेबाच्या वह्या आणि हुकूमनामे त्यांनी मागून घेतले, फाडले व जाळले. जेथे सावकाराने कागद मुकाट्याने हवाली केले, तेथे त्याच्या जिवाला सहसा धक्का लागला नाही.

कागद जाळावेसे वाटण्याचे कारण उघड आहे. त्या कागदांना उत्तर देण्याची जी जागा कायद्याने नेमून दिली होती, ती म्हणजे दिवाणी न्यायालय, तेथे शेतकऱ्याला उत्तर देता आले नव्हते. पन्नास-शंभर रुपयांच्या दाव्यात प्रतिवादीला आपली कैफियत मांडता का आली नाही, ती मांडता यावी म्हणून १८७९ च्या कायद्याने कोणती योजना केली आणि ती कोठवर टिकली, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

२. तगाद्यापासून हुकूमनाम्यापर्यंत

बारामतीला सावकारी नवीन नव्हती. मोरोपंतांचे आश्रयदाते बाबूजी नाईक यांचे घराणे मुळात सावकारीचे. पहिल्या बाजीरावाची बहीण भिऊबाई ही या घरात दिलेली होती. तरीही बाजीरावाच्या मृत्यूनंतर, १७४० साली, पेशवाईच्या वारशाचा प्रश्न निघाला तेव्हा बाबूजी नाइकांनी आपल्या थकलेल्या कर्जाचा तगादा लावण्यास कमी केले नाही. ते कर्ज फेडण्याची तजवीज महादोबा पुरंदऱ्यांना करावी लागली. पेशव्यालाही तगादा चुकत नसे, मग कुणब्याला तो चुकण्याचे कारणच नव्हते.

तथापि जुन्या तगाद्याला व्यवहाराच्या काही मर्यादा होत्या. सावकार दारात धरणे धरी, माणूस बसवी, फार तर पंचायतीपुढे वाद नेई. पंचायतीत कूळ व सावकार समोरासमोर येत आणि दोघांनाही ओळखणारी माणसे जुना हिशेब उकरून काढीत. व्याज मुद्दलापेक्षा अधिक घेऊ नये हा दामदुपटीचा नियम शास्त्राने सांगितलेला होता व लोकव्यवहारातही मान्य होता. ही पद्धत आदर्श होती असे नव्हे. पंचायतीच्या दिरंगाईचे व अनिश्चिततेचे वर्णन एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात केलेच आहे. मात्र त्या पद्धतीत कूळ गैरहजर असताना वादाचा निकाल लागणे जवळजवळ अशक्य होते.

ब्रिटिश अमलात हे चित्र टप्प्याटप्प्याने बदलले. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनने न्यायालयातून मिळणाऱ्या व्याजास शेकडा बारा अशी मर्यादा घातली होती, ती १८५५ च्या कायद्याने उठली. १८५९ साली दोन महत्त्वाचे कायदे झाले. एकाने दिवाणी दाव्यांची कार्यपद्धती ठरविली. त्यानुसार समन्स पोहोचूनही प्रतिवादी हजर न राहिल्यास वादीचे म्हणणे ऐकून एकतर्फी निकाल देण्याचा मार्ग मोकळा झाला. दुसऱ्याने साध्या कर्जखतावरील दाव्याची मुदत तीन वर्षांवर आणली. मुदत आखूड करण्यामागे हेतू ऋणकोच्या हिताचा होता. फार जुनी कर्जे उकरून काढली जाऊ नयेत, असा तो हेतू. परिणाम नेमका उलट झाला.

३. तीन वर्षांचे खत

हा परिणाम कसा घडला हे एका हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, एखाद्या कुणब्याने शंभर रुपये दरमहा दरशेकडा दोन रुपये व्याजाने घेतले. तीन वर्षांत व्याज ७२ रुपये झाले. मुदत संपण्यापूर्वी सावकार जुने खत रद्द करून १७२ रुपयांचे नवे खत लिहून घेई आणि तेच नवे मुद्दल होई. पुढील तीन वर्षांनी ते सुमारे २९६ रुपये आणि नवव्या वर्षाअखेर सुमारे ५०९ रुपये होई. प्रत्येक नव्या खतात 'रोख मिळाले' असाच मजकूर असे. मूळचे शंभर रुपये कोठे व केव्हा दिले, मध्यंतरी ज्वारी, कडबा, कापूस यांच्या रूपाने किती फेड झाली, याचा खतात मागमूसही राहत नसे. ती फेड असलीच तर सावकाराच्या रोजमेळात व खतावणीत असावयाची, आणि ती वही सावकाराच्याच घरी.

खत मोडीत लिहिलेले असे. कूळ निरक्षर असल्यामुळे त्याच्या सहीच्या जागी नांगराची निशाणी काढीत. असे खत न्यायालयापुढे आले म्हणजे त्याविरुद्ध बोलावयास प्रतिवादीजवळ काय उरे? निशाणी त्याचीच होती. रक्कम लिहिलेली होती. न्यायाधीशाने कायद्याप्रमाणे तीच पाहावयाची. व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचे त्यास काही प्रयोजन नव्हते, आणि कोणी तशी मागणी केल्याशिवाय तो जाऊही शकत नव्हता. मागणी करणारा तर बहुधा न्यायालयात हजरच नसे.

४. गैरहजेरीची कारणे

दंग्यांनंतर नेमलेल्या चौकशी समितीचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे ठेवण्यात आला. त्यात एकतर्फी हुकूमनाम्यांचा प्रश्न ठळकपणे आला आहे. शेतकऱ्यांवरील दाव्यांत प्रतिवादीने हजर राहून वाद लढविणे हा अपवाद आणि एकतर्फी निकाल हा नियम, अशी स्थिती होती. तिची कारणे अनेक होती व ती एकमेकांत गुंतलेली होती.

पहिले कारण अंतर. इंदापूर हे पुण्यापासून सुमारे ८४ मैलांवर. तालुक्याच्या आतल्या गावांहून जवळच्या दिवाणी न्यायालयापर्यंत पोहोचावयाचे म्हटले तरी एक-दोन दिवस मोडत. तारीख पुढे गेली की तीच पायपीट पुन्हा करावी लागे. पेरणीच्या किंवा सुगीच्या दिवसांत हा मोड पन्नास रुपयांच्या दाव्यापेक्षा भारी पडे. दुसरे कारण खर्च. स्टँप, वकील, कारकून व साक्षीदारांचा भत्ता यांची बेरीज दाव्याच्या रकमेच्या जवळ जाई, आणि दावा हरल्यास वादीचा खर्चही हुकूमनाम्यात चढे. तिसरे कारण समन्सच्या बजावणीतील गैरप्रकार. समन्स पोहोचल्याचा शेरा कागदावर पडे, पण प्रतिवादीला जप्ती येईपर्यंत दाव्याची वार्ता नसे. न्यायकचेरीतील कारकून, शिपाई व सावकार यांच्या या साटेलोट्याचे चित्र जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात रेखाटले आहे.

चौथे कारण अधिक सूक्ष्म होते. कूळ आणि सावकार यांचा संबंध एका दाव्याने संपणारा नव्हता. पुढल्या मृगाला बियाणे, साऱ्याच्या हप्त्याला रोकड आणि मुलीच्या लग्नाला उसनवार याच दारातून मिळावयाची होती. न्यायालयात उभे राहून सावकाराला खोटे पाडणे म्हणजे ते दार आपल्या हाताने लावून घेणे. सावकारही समजावी की, 'हुकूमनामा नुसता मुदतीसाठी करून ठेवतो, बजावणी करीत नाही. तुला येण्याचे कारण नाही.' हे आश्वासन खरे असो वा खोटे, हुकूमनामा मात्र खराच असे. एकदा तो हाती आल्यावर जमीन, गुरे, घर यांवर जप्ती आणता येई व ऋणकोला दिवाणी तुरुंगातही टाकता येई. शिरूर तालुक्यातील कर्डे येथे १८७४ च्या अखेरीस काळूराम या सावकाराने बाबासाहेब देशमुखावर हुकूमनामा मिळवून त्याचे घर पाडले, तेव्हा केवळ कुणबीच नव्हे तर गावचा प्रतिष्ठित वतनदारही या यंत्रापुढे निराधार आहे हे साऱ्यांच्या ध्यानात आले.

यानंतर गावांनी जो पहिला उपाय योजला तो दंग्याचा नव्हता. अनेक गावांनी संमतीपत्रे करून सावकारांवर बहिष्कार घातला. इंदापूर तालुक्यातील कळस येथील रयतेचे संमतीपत्र समितीच्या कागदपत्रांत आले आहे. गुजर सावकारांची जमीन कसू नये, त्यांची चाकरी करू नये, जो हा ठराव मोडील त्यास गावाने वर्ज्य करावे, असा त्याचा रोख आहे. त्यातही पंचायतीच्या जुन्या शिस्तीची छाया दिसते. एकट्या प्रतिवादीला जे न्यायालयात बोलता येत नव्हते, ते गावाने एकवटून बोलण्याचा हा प्रयत्न होता. सुप्याचा बाजार त्यानंतर पेटला.

५. इंग्लंडमधील अनुभव

लहान दाव्यांसाठी जलद व स्वस्त न्यायालय असावे ही कल्पना मूळ इंग्लंडातील. तेथे १८४६ च्या कायद्याने वीस पौंडांपर्यंतच्या दाव्यांसाठी कौंटी न्यायालये स्थापन झाली. गरिबाला आपला हक्क सहज मिळावा हा त्यामागील उद्देश. व्यवहारात मात्र त्यांचा उपयोग दुकानदार व उधारीवर माल देणारे यांनीच अधिक केला, आणि कामकऱ्यांकडून वसुली करण्याचे ते साधन झाले अशी टीका पुढे झाली. हिंदुस्थानात मोफसलीतील स्मॉल कॉज न्यायालयांचा १८६५ चा कायदा याच कल्पनेचा अवतार होता. दोन्हीकडचा अनुभव एकाच निष्कर्षाकडे नेतो. कार्यपद्धती जितकी जलद, तितका ज्याच्याजवळ कागद तयार आहे त्याचा लाभ. आणि कागद ठेवण्याची सवय व सोय धनकोजवळ असते. इंग्लंडमधील कामकऱ्याला निदान न्यायालयाची भाषा व वाट ठाऊक होती. इंदापूरच्या कुणब्याला तीही नव्हती.

६. १८७९ च्या कायद्याची योजना

सर टी. सी. होप यांनी व्हाइसरॉयच्या कायदेकौन्सिलात मांडलेला दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा १८७९ साली संमत झाला. तो १ नोव्हेंबर १८७९ पासून पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांत अमलात आला. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके यांच्या बंडाने पुणे जिल्ह्यातील असंतोष पुन्हा सरकारच्या नजरेस आणून दिला होता.

या कायद्याचा उल्लेख बहुधा शेतजमीन सावकाराच्या हाती जाऊ नये म्हणून केलेला कायदा असा होतो. गहाण नसलेली शेतकऱ्याची स्थावर मिळकत जप्तीतून त्याने वगळली आणि पैशाच्या हुकूमनाम्यापायी होणारी कैद बंद केली, हे खरे आहे. परंतु न्यायाच्या इतिहासात त्याचे खरे नावीन्य अन्यत्र आहे. दिवाणी न्यायाचे सामान्य तत्त्व असे, की जो बोलत नाही त्याच्यातर्फे न्यायालय बोलत नाही. प्रतिवादीने रक्कम कबूल केली वा तो गैरहजर राहिला, की वाद संपला. १८७९ च्या कायद्याने हे तत्त्व शेतकऱ्यापुरते बाजूस ठेवले आणि बचावाचा भार बऱ्याच अंशी न्यायाधीशावर टाकला.

प्रतिवादी ज्या न्यायालयाच्या हद्दीत राहतो तेथेच दावा चालावा असे कायद्याने ठरविले. न्यायाधीशाने प्रतिवादीस साक्षीदार म्हणून स्वतः तपासावे. ते अनावश्यक वाटल्यास त्याची कारणे लिहून ठेवावीत. रक्कम प्रतिवादीस कबूल असली तरीही व्यवहाराच्या प्रारंभापासून चौकशी करावी, मधल्या खतांनी मुद्दलात मिळविलेले व्याज वेगळे काढावे, मुद्दल आणि व्याज यांचे दोन स्वतंत्र हिशेब मांडावेत, व्याज सरळ धरावे, दर अवाजवी असल्यास तो कमी करावा. दावा दाखल झाल्याच्या दिवशी व्याजाची बाकी मुद्दलाच्या बाकीपेक्षा अधिक निघाल्यास मुद्दलाची दुप्पट एवढीच रक्कम देणे समजावी. वर घेतलेल्या उदाहरणात काहीच फेड झाली नसली, तरी नऊ वर्षांचे सरळ व्याज २१६ रुपये होते. ते मुद्दलाहून अधिक असल्याने सावकारास ५०९ ऐवजी २०० रुपये मिळतील. फेड झाली असल्यास त्याहूनही कमी. मोडकळीस आलेला दामदुपटीचा नियम अशा रीतीने कायद्याच्या कलमात परत आला.

शंभर रुपयांपर्यंतच्या दाव्यांत वकील व मुखत्यार यांना सामान्यतः मज्जाव करण्यात आला. मात्र एका पक्षास वकील असून शेतकरी पक्षास नसल्यास न्यायालयाने त्यास वकील नेमून द्यावा अशीही तरतूद होती. अगदी लहान, दहा रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी गावमुन्सफ नेमण्याची सोय झाली. खते गावच्या नोंदणी अधिकाऱ्यापुढे लिहिली जावीत, फेडीची पावती द्यावी, वार्षिक हिशेब द्यावा, मागितल्यास पासबुक द्यावे, हीही कर्तव्ये सावकारावर घातली गेली. मुदतही वाढविण्यात आली, कारण तीन वर्षांच्या मुदतीनेच खतांची साखळी निर्माण केली हे आता पटले होते. कनिष्ठ न्यायालयांच्या निकालांची तपासणी करण्यासाठी खास न्यायाधीश नेमले गेले. १८९३ मध्ये उच्च न्यायालयावर नियुक्ती होण्यापूर्वी महादेव गोविंद रानडे यांनी हे काम केले. कुळांची दुःस्थिती आणि ग्रामीण पतपुरवठ्याची गरज, या दोहोंची जाण असलेला अधिकारी त्यामुळे या कायद्यास लाभला.

७. योजनेच्या मर्यादा

या कायद्याची मर्यादा त्याच्या रचनेतच होती. न्यायाधीशाला व्यवहाराच्या मुळाशी जाता येई ते व्यवहार कर्जाचा असेल तरच. सावकारांनी हे लवकरच ओळखले. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यावयाचे, 'पैसे फेडल्यास जमीन परत देईन' हे वचन तोंडी ठेवावयाचे, आणि जमीन पूर्वीच्याच मालकाकडे कुळाने कसावयास द्यावयाची, ही पद्धत रूढ झाली. कागदावर विक्री होती, आणि विक्रीच्या कागदाविरुद्ध तोंडी पुरावा पुराव्याच्या कायद्यास मान्य नव्हता. प्रतिवादी हजर राहिला, न्यायाधीशाने त्याला तपासले, तरीही त्याची कैफियत ऐकून उपयोग नव्हता. ही फट बुजविण्यास १९०७ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या दुरुस्तीने खरेदीखत वस्तुतः गहाण होते हे दाखविण्यास तोंडी पुरावा देण्याची मुभा शेतकऱ्यास मिळाली.

दुसरी मर्यादा सलोख्याची. कायद्याने दावा दाखल करण्यापूर्वी सलोखा करून देणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाणे वादीस आवश्यक केले होते. १८७० नंतरच्या दशकात पुणे सार्वजनिक सभेच्या मंडळींनी, विशेषतः गणेश वासुदेव जोशी यांनी, लवाद न्यायालयांचा पुरस्कार केला होता आणि सर विल्यम वेडरबर्न यांनीही पंचायतीच्या मार्गाची बाजू मांडली होती. सलोख्याच्या कल्पनेस त्यामुळे लोकांची सहानुभूती होती. तथापि कायद्यातील सलोख्यात एक विसंगती राहिली. तेथे झालेला करार न्यायालयात दाखल होऊन त्यास हुकूमनाम्याचे बळ प्राप्त होई. ज्या हिशेबाची न्यायाधीशाने मुळापासून चौकशी केली असती, तोच हिशेब सलोख्याच्या वेळी कुळाने मान्य केला की ती चौकशी टळे. बलिष्ठ व दुर्बळ यांच्यातील सलोखा हा बहुधा बलिष्ठाच्या अटींवर होतो. दाखला मिळविण्यासाठी होणारी दिरंगाई व औपचारिकता यांचीही भर पडली आणि सलोख्याचे प्रकरण १९१२ साली रद्द करण्यात आले.

तिसरी मर्यादा कायद्याच्या बाहेरची. पावती, पासबुक आणि वार्षिक हिशेब मागण्याचा हक्क शेतकऱ्यास मिळाला, परंतु हक्क मागावयास वाचता येणे आणि सावकाराची गरज नसणे या दोन गोष्टी आवश्यक होत्या. पहिली शिक्षणावर अवलंबून होती, दुसरी पर्यायी पतपुरवठ्यावर. विसाव्या शतकात नीरेच्या कालव्याखालील उसाने आणि १९०४ च्या कायद्यानंतरच्या सहकारी पतसंस्थांनी बारामतीच्या बागायत पट्ट्यात ही स्थिती हळूहळू पालटली. जिरायत भागात ती पालटण्यास अधिक काळ लागला. १९३९ व १९४७ चे ऋणनिवारणाचे कायदे आणि १९४६ चा सावकारी नियंत्रणाचा कायदा ही याच प्रयत्नाची पुढील पावले होत.

८. निष्कर्ष

वरील विवेचनावरून तीन गोष्टी दिसून येतात. पहिली अशी की, लहान रकमेच्या दाव्यात प्रतिवादीची हार पुष्कळदा पुराव्याच्या तोलावर ठरत नसून त्याच्या गैरहजेरीने ठरते. ही गैरहजेरी केवळ निष्काळजीपणाची नसते. अंतर, खर्च, भीती आणि वादीवरील अवलंबन यांची ती बेरीज असते. दुसरी अशी की, रक्कम लहान म्हणून दावा लहान, ही समजूत फसवी आहे. भीमथडीच्या कुळाचा शंभर रुपयांचा दावा त्याच्या जमिनीचा दावा होता. तिसरी अशी की, न्यायाधीशावर बचावाचा भार टाकण्याची १८७९ ची योजना जेथे प्रतिवादीजवळ स्वतःची पावती वा हिशेब होता तेथे अधिक फलदायी ठरण्यासारखी होती. जेथे सर्व कागद वादीचेच होते, तेथे जागरूक न्यायाधीशाचे हातही तोकडे पडत.

१९०८ ची दिवाणी संहिता आजही एकतर्फी निकालास अवकाश देते. पुरेशा कारणासाठी तो रद्द करून घेण्याची वाटही तीत आहे; परंतु प्रत्येक प्रतिवादीस स्वतःहून तपासण्याचे बंधन ती न्यायाधीशावर घालीत नाही. १९८७ च्या विधिसेवा कायद्याने मोफत वकिलाची व लोकअदालतीची सोय झाली, २००८ च्या कायद्याने ग्रामन्यायालयांची कल्पना पुढे आली. लोकअदालतीत झालेल्या तडजोडीस हुकूमनाम्याचे बळ असते व तिच्यावर अपील नसते. म्हणूनच १९१२ साली संपलेल्या सलोख्याच्या प्रयोगातील धडा तिच्या अभ्यासकास उपेक्षिता येणार नाही. सुप्याच्या बाजारात जळालेल्या खतांपैकी किती खरी व किती खोटी होती हे आता कोणासही ठरविता येणार नाही. ते ठरविण्याची जागा न्यायालय होती, आणि तेथे दोन्ही पक्ष उभे राहिले नव्हते.